थोरल्या काकांच्या नावाखालची रेघ

ही हकीकत सांगायचे मी आजवर टाळले. टाळण्याच्या कामात मी बऱ्यापैकी पद्धतशीर होतो. कुणी घराण्याचा विषय काढला की मी आमच्या पूर्वजाने मारलेल्या वाघाची गोष्ट सुरू करत असे. ती लांब आहे. ती संपेपर्यंत चहा येतो, आणि चहानंतर लोक स्वतःच्या घराण्याबद्दल बोलू लागतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने घराण्याचा इतिहास छापायचे मनावर घेतले. इतिहासाचा निवृत्त शिक्षक घरातच असल्यामुळे काम माझ्याकडे आले. मी पुस्तिका लिहून दिली. वंशवेलही मीच आखली, पट्टी आणि पेन्सिल घेऊन. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, नावाखाली दोन फांद्या काढल्या. एक माझ्या वडिलांची, दुसरी थोरल्या काकांची. थोरल्या काकांच्या नावापुढे मी कंसात ‘निपुत्रिक’ असे लिहिले. पुस्तिकेचे कौतुक झाले. एका भाच्याने वंशवेलीचे पान चौकटीत घालून दिवाणखान्यात लावले आहे. त्याच्याकडे गेलो की मला बरोबर त्या पानासमोरच्या खुर्चीत बसवतात.

थोरले काका निपुत्रिक नव्हते. हे मला छापण्याआधी ठाऊक होते. खरे तर छापण्याच्या पन्नास-साठ वर्षे आधीपासून ठाऊक होते.

या लिखाणात मी कुणाचेही नाव घालणार नाही. ज्याचे घालायला हवे होते त्याचे वेळेवर घातले नाही, तेव्हा आता इतरांची घालण्याचा हक्क मला उरलेला नाही.

आमचे गाव फैजपूरपासून बैलगाडीने सकाळी निघाले तर न्याहारीपर्यंत पोचता येईल एवढ्यावर. केळीचा मुलूख. थोरल्या काकांची पहिली बायको बाळंतपणात गेली, मूलही गेले. मग घरच्यांनी भडगावकडच्या एका विधवेशी त्यांचा पाट लावला. आमच्यात विधवेचा पाट लागत असे. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते, फक्त वाजंत्री नसे आणि जेवायला माणसे कमी असत. ती बाई आली तेव्हा तिचे बोट धरून तीन वर्षांचा मुलगा आला. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. म्हणजे तो घरात नव्हता असा दिवस मला आठवतच नाही. मी त्याला दादा म्हणत असे आणि तिला मोठी आई.

मोठी आई गिरणाकाठची, अहिराणी बोलणारी. आमच्याकडची बोली वेगळी. माझी आई तिला म्हणायची, “जाऊबाई, तुमचं ते ‘शे’ गिरणेतच सोडून यायचं होतं. इथं आम्ही ‘आहे’ म्हणतो.” मोठी आई भाकरी थापता थापता म्हणायची, “तुमनं ‘आहे’ तुमनाजोडे ठेवा बाई. मना ‘शे’नी भाकर बरी फुगस.” आणि तिची भाकर खरोखरच जास्त फुगत असे. त्यामुळे वाद तिथेच थांबायचा.

थोरल्या काकांना दुसरे मूल झाले नाही. दादाला त्यांनी मांडीवर वाढवले, शाळेत घातले, तिथे तो रमला नाही म्हणून केळीत घातले, तिथे तो रमला. मी शाळेत रमलो. घराने आम्हां दोघांची अशी वाटणी केली होती आणि कुणाची तक्रार नव्हती. स्वातंत्र्य मिळाले त्याच्या पुढच्या वर्षी काका तापाने गेले. त्यांना अग्नी दादाने दिला. तेव्हा कुणी काही विचारले नाही.

त्यानंतर थोड्याच काळात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणे गेले. म्हणजे आवाज होता, पण तोंडातून शब्द तुटून पडायचे. मी जळगावला कॉलेजात होतो, सुट्टीला यायचो. आबांना उठवणे, अंघोळ घालणे, दाढी करणे, भरवणे हे सगळे दादा करायचा. आबांचे बोलणे सगळ्यांत चांगले त्याला कळायचे. त्याच्या खालोखाल मोठ्या आईला. मलाही कळायचे, पण मला लक्ष द्यावे लागे.

आता भाटाविषयी सांगायला हवे.

आमच्या समाजाच्या पिढ्या भाट लिहून ठेवत. गुजरातेकडून दर काही वर्षांनी दिवाळीनंतर ते यायचे. लाल कापडात बांधलेली लांबट वही, डोक्याला मोठे पागोटे, बोलण्यात गुजराती, हिंदी आणि मराठी एकाच घासात. गावात ज्या घरची पिढी वाचायची त्या घरी त्यांचा मुक्काम. तूप लागायचे. वाचनाच्या दिवशी भाऊबंद जमत, भाट मूळ पुरुषापासून सुरुवात करी, एकेक नाव घेत खाली येई, आणि जिवंत माणसांपर्यंत आला की थांबून विचारी, “आगे?” मग घरचा पुरुष नवे नाव सांगे आणि भाट ते लिहून घेई. याला नाव चढवणे म्हणत; मुलगा कर्ता झाला की मगच ते चढे.

त्याचे काही नियम होते. आपले नाव आपण सांगायचे नाही, दुसऱ्याने सांगायचे. घरचा माणूस हजर असेल तर बाहेरच्याने त्या घरचे नाव सांगायचे नाही. बायकांनी बोलायचे नाही. आणि ‘आगे’ म्हटल्यावर कुणीच काही बोलले नाही, तर भाट त्या नावाखाली आडवी रेघ ओढतो. रेघ म्हणजे फांदी संपली. रेघेखाली पुन्हा काही लिहीत नाहीत.

ही नुसती हौस नव्हती. सोयरीक जुळवताना लोक भाटाला गाठून विचारत. कोण कुणाचा, हे वहीत असेल ते खरे. आबांच्या झटक्यानंतर भाट यायचा होता त्या दिवाळीत दादासाठी यावल तालुक्यातल्या एका घरची मुलगी सांगून आली होती. मुलीच्या बापाने दादाला केळीत काम करताना पाहिले होते आणि तो खूश होता. भाट आमच्याकडून पुढे त्यांच्याच गावी जाणार होता. त्यामुळे त्या वर्षीच्या वाचनात दादाचे नाव चढणे आवश्यक होते, हे घरात सगळ्यांना माहीत होते. बोलत मात्र कुणी नव्हते.

माझे वडील, नाना, हे सावध गृहस्थ. वाचनाच्या दिवशीच त्यांनी सावद्याच्या स्टेशनवर केळीची वॅगन भरायला जायचे ठरवले. मला म्हणाले, “तू शिकलेला. आबांशेजारी तू बस. भाट विचारतील तेवढंच सांगजो.”

“थोरल्या काकांच्या खाली काय सांगू?”

नानांनी टोपी झटकली. “मी काय म्हटलं? विचारतील तेवढं.” आणि गेले.

वाचनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी जेवायला बसलो होतो. मोठी आई वाढत होती. उडदाची डाळ होती. एकदम म्हणाली, “भाऊ, उद्या तुले इचारतीन, त्यासना खाले कोन म्हनीसन. तू मना पोऱ्यानं नाव सांगी दे.”

मी म्हणालो, “तुम्हीच आतून सांगितलं तर?” मी हे गमतीने म्हणालो. कॉलेजातला मुलगा होतो.

“मी कसं सांगू? पोऱ्यानं नाव सांगसू, मग ते म्हनतीन बापनं सांग. मी त्यासनं नाव कसं लिसू?”

हे मला तोवर सुचलेच नव्हते. बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, आणि तिला तर नाव न घेण्यासारखे दोन नवरे झालेले. मुलाला बाप लावून द्यायचा तर तो दुसऱ्याच्या तोंडूनच. मी म्हणालो, “सांगेन की. त्यात काय!” तिने डाळीवर आणखी तूप घातले. मी खाल्ले.

वाचन ओसरीवर झाले. आबांना लोडाला टेकवून बसवले होते. शेजारी मी. भाऊबंद समोर. बायका आतल्या दाराआड. दादा भाटाच्या हातावर पाणी घालायला, पानतंबाखू द्यायला उभा होता. भाटाला स्टेशनावरून गाडीने आणलेही त्यानेच होते.

भाटाने वाचायला घेतले. चांगला गळा होता. सातव्या की आठव्या पुरुषाने वाघ मारल्याचे आले. मागच्या खेपेला त्याने वाघाला भाल्याने मारले होते. या खेपेला नुसत्या हातांनी मारले.

मी मध्येच म्हणालो, “मागच्या वेळी भाला होता.”

भाटाने चष्म्यावरून पाहिले. “वाघ तुमचा, भाई. पण वही माझी.”

सगळे हसले. एक म्हातारे भाऊबंद म्हणाले, “शिकवा आणखी पोरांना जळगावला! आता आमचा वाघ पण जाईल.” मी ओशाळलो, आणि त्यानंतर खूप सरळ बसलो.

दुपार कलली तसे वाचन खाली उतरत आबांपर्यंत आले. आबांचे नाव घेताना भाटाने हात जोडले. आबांचे डोळे अर्धवट मिटलेले होते. सकाळपासून त्यांच्या तोंडून आवाज आला नव्हता. मग भाटाने थोरल्या काकांचे नाव घेतले. स्वर्गवासी, म्हणून थोडा थांबला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “आगे?”

मी लगेच बोललो नाही. का, ते पुढे सांगतो. मला वाटले होते की एक श्वास घेऊन सांगू. त्या श्वासात आबांचे डोळे उघडले. त्यांनी डावा हात लोडावर आपटला आणि ते बोलले. दोन तुकड्यांत बोलले, पण दादाचेच नाव. पहिली दोन अक्षरे तर अगदी स्वच्छ होती. त्यांची नजर दारात उभ्या दादाकडे होती.

भाटाला कळले नाही. भाऊबंदांनाही नाही, आबांचे बोलणे ऐकायची त्यांना सवय नव्हती. भाट मला म्हणाला, “काय म्हणतात आबा?”

मी म्हणालो, “पाणी मागताहेत.”

पाणी दादाच घेऊन आला. तांब्या आबांच्या ओठांना लावला. आबांनी तोंड फिरवले, पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर गेले. दादाने ते खांद्यावरच्या पंच्याने पुसले आणि तो परत जाऊन जागेवर उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. भाटाने पुन्हा एकदा “आगे?” म्हटले. कुणी बोलले नाही. त्याने बोरू दौतीत बुडवला आणि रेघ ओढली. रेघ लहान होती. मला वाटले होते ती वहीभर जाईल.

मग नानांचे नाव आले, आणि “आगे?”. इथे माझे नाव चढायचे होते. ते मी सांगायचे नव्हते. सगळ्यांनी आबांकडे पाहिले. आबांनी डोळे मिटून घेतले होते. शेवटी घरचा बोलणारा माणूस नाही म्हणून त्या वाघवाल्या म्हाताऱ्या भाऊबंदाने माझे नाव सांगितले, आणि ते चढले. दादा तोवर बैल सोडायला गेला होता.

संध्याकाळी नाना आले. “झालं का नीट?”

“झालं.”

“विचारलं तेवढंच सांगितलं ना?”

मी हो म्हणालो. वास्तविक त्याहून कमी सांगितले होते.

पंगतीला मोठ्या आईने सगळ्यांना वाढले. भाटाला वाढले, मला वाढले. मला कमी वाढेल असे वाटले होते, तसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. ती शेणाची पाटी घेऊन जाताना थांबली. “काय रे भाऊ, काल आबा पानी पिनात का?”

माझ्या तोंडात राखुंडी होती. ती उत्तराची वाट न पाहता गेली. या विषयावर ती माझ्याशी एवढेच बोलली. त्या दिवशी नाही, आयुष्यभरात.

आता मी असे का केले. या प्रश्नाची मी वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे तयार केली आहेत. एक काळ मी स्वतःला सांगत असे की मी इतिहासाचा विद्यार्थी होतो आणि नोंद रक्ताची असावी असा माझा शास्त्रीय आग्रह होता. हा आग्रह हातांनी मारलेल्या वाघाच्या बाबतीत भाटाच्या एका वाक्यात मावळला होता, ही गोष्ट मी सोडून देत असे. दुसरा काळ मी नानांवर ढकलले. नानांना काकांचा हिस्सा एकत्रच राहायला हवा होता हे खरे, आणि तो राहिला, आणि त्यातल्या केळीवर मी बी.ए. झालो हेही खरे. पण नानांनी मला आबांचे शब्द बदलायला सांगितले नव्हते. ते माझे स्वतःचे.

खरे कारण लहान आहे. भाट “आगे” म्हणाला तेव्हा माझ्या मनात आले, दिवसभर मी यांच्या शेजारी बसलो आहे, जळगावहून आलो आहे, आणि यांनी एकदाही डोळे उघडून माझ्याकडे पाहिले नाही. आणि त्याच क्षणी त्यांनी डोळे उघडले, ते दादासाठी. असा आवाज आबा माझ्या नावाला काढतील का, एवढाच विचार होता. त्याचे उत्तर पुढच्याच नावाला मिळाले. तोवर रेघ वाळलीही होती.

भाट यावलकडे गेला. पंधरवड्याने मुलीकडचे एक वडीलधारे आले. चहा प्याले, कपाशीचे भाव बोलले, आणि उठताना म्हणाले की मुलीच्या आजीची प्रकृती बरी नाही, तेव्हा वर्षभर थांबावे. वैशाखात त्या मुलीचे दुसरीकडे लग्न झाले. दादा मोटेचा दोर वळत होता. म्हणाला, “लवकर बरी झाली म्हणायची आजीबाई.”

त्या उन्हाळ्यात मोठी आई नानांना दाराआडून म्हणाली की तिचा भाऊ शिंदखेड्याला कापसाच्या जिनिंगमध्ये आहे आणि त्याने बोलावले आहे. नाना म्हणाले, “तुमची मर्जी.” त्यांना कुणी घालवले नाही. आमच्या घरात कधी कुणाला घालवत नसत; फक्त कुणी ‘राहा’ म्हणत नसे. जायच्या दिवशी दादाने गड्याला कोणत्या वाफ्याला कधी पाणी द्यायचे ते फिरून दाखवले, आबांची दाढी केली, आणि एक ट्रंक आणि वळकटी घेऊन मायलेक गेले. मी गाडीपर्यंत गेलो. दादाने विचारले, “परीक्षा कधी?” मी म्हणालो, “झाली.” तो म्हणाला, “मग बरं.”

आबा आणखी दोन पावसाळे काढून गेले. शिंदखेड्याला निरोप धाडला होता की नाही हे मला नक्की सांगता येणार नाही. दादा मात्र दहाव्याच्या सकाळी तापीवर हजर होता. आम्ही पुरुष क्षौराला ओळीने बसलो. तो ओळीच्या शेवटी, माझ्या पलीकडे येऊन बसला. भाऊबंदांपैकी दोघांनी एकमेकांकडे पाहिले. न्हाव्याने माझे डोके झाले तसा त्याला पुढे ओढला आणि त्याचेही केले, मिशीसकट. काही विचारले नाही. आमच्या घराण्याच्या नोंदी भाटाऐवजी न्हाव्याकडे असत्या तर बरे झाले असते असे मला तेव्हाही वाटले. मी त्या वेळी बोलू शकलो असतो. आम्ही दोघे ओले, तुळतुळीत डोक्याचे, एकमेकांशेजारी उन्हात बसलो होतो. मी म्हणालो, “ऊन फार आहे.” तो म्हणाला, “हो.” जेवायला तो थांबला नाही.

पुढे मला धुळ्याला हायस्कुलात नोकरी लागली. धुळ्याहून शिंदखेडा काही लांब नाही. लांब नाही ही अडचण होती, कारण न जाण्याला कारण उरले नव्हते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रविवारी गेलो.

तिथे पोचल्यावर एक वेगळीच अडचण आली. दादाचे घर विचारायचे तर आडनाव सांगावे लागणार. कोणते? मी बाजारातल्या एका पानवाल्याला त्याच्या जन्मदात्याचे आडनाव सांगितले. पानवाला म्हणाला, असे कुणी नाही. जिनिंगच्या फाटकावरच्या माणसाला विचारले. तोही म्हणाला, नाही. मी बराच वेळ फिरलो. मग फाटकावरच परत जाऊन आमचे आडनाव सांगितले.

“मंग आसं सांगा ना!” तो म्हणाला. “त्याले तं बठ्ठं गाव वळखस. तुम्ही त्यासना कोन?”

मी म्हणालो, “भाऊ.”

“सख्खा?”

“हो,” मी म्हणालो. तिथे, फाटकावर, एका अनोळखी माणसाला मला ते सहज सांगता आले.

दादाचे तिकडे लग्न झाले होते. दोन मुले अंगणात होती. मोठी आई वाकली होती, पण जात्यावर बसलेली होती. मला पाहून तिने मुलांना हाक मारली, “अरे, तुमना काका उना!” मुलांनी पाया पडून लगेच विचारले, “काय आणलं?” मी काही आणले नव्हते. मी एक वाक्य आणले होते आणि ते मुलांच्या कामाचे नव्हते. दादा आला, आम्ही जेवलो, तो जिनिंगमधल्या फोरमनच्या नकला करत होता आणि मी हसलो. निघताना मोठ्या आईने वाटेसाठी भाकरी बांधून दिली. मी ती बसमध्ये खाल्ली.

त्यानंतर मी तीन-चार वेळा गेलो असेन. दर वेळी मुलांसाठी गोळ्या नेल्या. त्यात मोठी आई गेली. मला कळायच्या आधीच तिचे दिवस होऊन गेले होते.

दादा असताना शेवटचा गेलो ते साठ साल, मे महिन्याची सुट्टी. नवे राज्य नुकतेच झाले होते, शिंदखेड्याच्या बाजारात पताका अजून लटकत होत्या. मी तेव्हा घराण्याचा इतिहास जमवायला लागलो होतो. नाना थकले होते, त्यांना फारसे आठवत नव्हते, आणि आठवले तरी ते विचारले तेवढेच सांगत. माझ्या लक्षात आले की आबांकडून सगळे ऐकलेला एकच माणूस आहे. अंघोळ घालताना, भरवताना, रात्री पाय दाबताना आबा त्यांच्या तुटक्या बोलीत त्याला सांगत राहिले होते.

मी कागद-पेन्सिल घेऊन दादासमोर बसलो. त्याने दुपारभर सांगितले. घराणे तापीच्या कुठल्या उताराने आले, पहिली विहीर कुठे लागली आणि ती का सोडली, कोणत्या पणजीने दुष्काळात दाण्याची कणगी उघडून दिली आणि त्यापायी नवऱ्याचा मार खाल्ला. मी लिहून घेत होतो. मध्ये मी वाघाचे विचारले.

“वाघ कुठला रे!” दादा हसायला लागला. “तरस होतं. म्हातारं. तेही आधीच कुत्र्यांनी जखमी केलेलं. आबा म्हणाले, भाटाला सांगू नको, बिचाऱ्याचं पोट आहे.”

“आबांनी तुला हे सांगितलं?”

“मलाच सांगतील ना. तू जळगावला होतास.”

पुस्तिकेतली निम्म्याहून जास्त माहिती त्या दुपारची आहे. ती मी ‘वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली’ म्हणून छापली. दादा माझ्याहून एकच वर्षाने मोठा होता.

कागद गुंडाळताना मी ठरवले की आज बोलायचे. वाक्य मी धुळ्याहून निघतानाच जुळवले होते आणि बसमध्ये मनातल्या मनात म्हणून पाहिले होते. दादा मला स्टँडवर पोचवायला आला. बस उभी होती. मी म्हणालो, “दादा, त्या वर्षी भाट आले होते...”

“हां.” तो माझ्याकडे न पाहता बसकडे पाहत होता.

“आबा त्या दिवशी...”

“खिडकीजवळची जागा धर,” तो म्हणाला. “नरडाण्यापर्यंत ऊन उजवीकडून येतं, डावीकडे बस.” आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन, खिडकीतून आत टाकून, त्याने माझ्यासाठी डावीकडची जागा धरली.

मी चढलो. कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. दादा खिडकीखाली उभा राहिला. त्याला ऐकायचे नव्हते, की ऐकायला तो तिथे थांबला होता, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्याला माझ्याकडून काही कळायचे बाकी नव्हते. आबांचे बोलणे त्या ओसरीवर माझ्याआधी त्याला कळले होते. तरीही तो पाणी घेऊन आला. जे त्याला ठाऊकच होते ते त्याला सांगणे मला इतके अवघड का जावे? पण बस सुरू होईपर्यंत तो हलला नाही, आणि मी म्हणालो, “पोरांना शिकायला धुळ्याला पाठव.” तो म्हणाला, “बघू.”

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता जिनिंगच्या आवारात त्याला साप चावला. मला पत्र आले तेव्हा धुळ्यात शाळेची चाचणी परीक्षा चालू होती. मी गेलो, पण सगळे झाल्यावर. त्याची मुले मग आईच्या माहेरी गेली, आणि मी त्यांचा पत्ता विचारला नाही.

तेव्हा आता वंशवेल दुरुस्त करतो. थोरल्या काकांच्या नावापुढचा कंस खोडावा. त्याखाली एक मुलगा आणि त्याखाली दोन मुले, अशी जागा पुतण्याने सोडावी. नावे मी त्याला वेगळ्या कागदावर दिली आहेत. पुस्तिकेतील विहिरीची, पणजीची आणि तरसाची माहिती त्या मुलाची आहे, असेही लिहावे. हे मी इतरांसाठी लिहिले. त्याच्यासाठी जुळवलेले वाक्य मात्र त्या दिवसापासून माझ्याजवळच आहे. ते असे होते:

दादा, त्या दिवशी आबांनी तुझं नाव घेतलं. मला स्पष्ट ऐकू आलं. मी खोटं सांगितलं. मला माफ कर.